अर्ध्या गाडीतून इंजिन घेताना

१९९२ ते १९९५ या काळातील होंडा सिव्हिकचे सिंगल-कॅम इंजिन काढून तेथे १५९५ सीसीचे बी१६ए हे होंडाचेच ट्विन-कॅम इंजिन बसवायचे असेल, तर सुट्या इंजिनाऐवजी जपानमधून कापून आलेला सिव्हिक एसआयआरचा पुढचा भाग, म्हणजे मलेशियाच्या बाजारात ज्याला ‘हाफ-कट’ म्हणतात तो, घ्यावा. गिअरबॉक्स, इंटरमीजिएट शाफ्टसह एक्सल, माउंटिंगचे ब्रॅकेट, गिअर लिंकेज आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) एकेक करून जमवण्यातच बराच पैसा जातो. त्यातही १९९१ पर्यंतच्या बी१६ए गिअरबॉक्सचा क्लच केबलवर चालतो आणि या सिव्हिकचा हायड्रॉलिक असतो, हे पुष्कळांना गिअरबॉक्स घरी आणल्यावर कळते.

भाग निवडताना आधी काप पाहावा. उजव्या स्टिअरिंगच्या या गाडीत ईसीयू शेजारच्या प्रवाशाच्या पायाशी असतो. त्यामुळे करवत फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्याच्या, पुढून फिरली असेल, तर हाती तुटक्या तारांचा झुपका तेवढा येतो. असा एक भाग मी स्वस्त म्हणून घेतला आणि तारा जुळवण्यात तीन रविवार घालवले. डॅशबोर्डसकट कापलेलाच भाग घ्यावा. त्यानंतर चारही स्पार्क प्लग काढून, इंधन व इग्निशन बंद ठेवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजावे. सिलिंडरांमधील फरक २८ पीएसआयपेक्षा जास्त असल्यास तो भाग सोडून द्यावा. इंजिन क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, कारण भारतात असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो आणि त्याची परवानगी व नोंद आरटीओकडे लागते.

खोलताना प्रथम बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना त्याआधी हात लावू नये. प्रत्येक प्लगवर चिठ्ठी चिकटवून फोटो काढावा. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचे ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलावी. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, म्हणून जुन्या बेल्टवर भरवसा ठेवू नये.

बसवताना इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच खाली सोडावे, सर्व माउंटिंगचे बोल्ट हाताने लावावेत आणि भार नीट बसल्यावरच आवळावेत. शेवटी वायरिंग: मूळ गाडीत व्हीटेक (व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ व उंची बदलणारी होंडाची यंत्रणा) नसेल, तर व्हीटेक सोलेनॉइड, प्रेशर स्विच आणि नॉक सेन्सर यांच्या तारा हाफ-कटमधून प्लगसकट काढून ईसीयूपर्यंत न्याव्यात, त्यांना मध्ये कुठेही जोड देऊ नये.