रायफलच्या पुंगळ्यांचे रिसायझिंग : या चुका टाळा

बार झाला की काडतुसाची पितळी पुंगळी चेंबरच्या (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेच्या) भिंतींना भिडेपर्यंत फुगते आणि दाब ओसरल्यावर किंचित आक्रसते, परंतु मूळ मापावर परत येत नाही. तिला पुन्हा वापरण्याजोगी करण्यासाठी डायमध्ये (कठीण साच्यात) प्रेसने दाबून घ्यावे लागते, हेच रिसायझिंग. जेथे घरी काडतुसे भरण्यास कायद्याची परवानगी आहे, तेथेही नवशिक्यांचे सारे लक्ष दारूच्या वजनाकडे असते आणि रिसायझिंगकडे ते केवळ हात चालवण्याचे काम म्हणून पाहतात. माझ्या मते पुंगळ्या अकाली निकामी होतात त्या बहुधा याच टप्प्यावर, आणि त्यामागे एकच गैरसमज असतो : पुंगळी जितकी लहान करावी तितके चांगले. वास्तविक ती आपल्या रायफलच्या चेंबरमध्ये न अडखळता बसेल इतकीच लहान करायची असते.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक डाय बसवतानाच होते. डाय शेल होल्डरला (प्रेसवर पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली आणावी आणि मग आणखी थोडी फिरवावी, अशी सूचना डायसोबतच्या कागदावर बहुधा असते. अशा रीतीने तयार केलेली पुंगळी त्या जातीच्या जवळजवळ कोणत्याही रायफलमध्ये बसते, म्हणून सूचना चुकीची नाही. पण आपले चेंबर थोडे लांब असेल, तर पुंगळीचा खांदा (अंग गोळी धरणाऱ्या मानेकडे निमुळते होते तो भाग) गरजेपेक्षा फार मागे ढकलला जातो. पुढच्या बाराला फायरिंग पिनच्या धक्क्याने काडतूस पुढे सरकते, दाबामुळे पुंगळीच्या पातळ भिंती चेंबरला घट्ट धरून बसतात आणि बूड मात्र बोल्टकडे मागे रेटले जाते. मधले पितळ ताणले जाते ते बुडाच्या जरा वर, आणि असे काही वेळा झाले की पुंगळी तेथेच तुटते.

यावर उपाय मोजमापाचा आहे. कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर नेमक्या जागी टेकणारे जोडसाधन) जोडून, बार झालेल्या चार-पाच पुंगळ्यांचे बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर मोजावे. त्याआधी प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) काढून टाकावा, कारण बुडाबाहेर किंचित आलेला प्रायमर माप फसवतो. मग डाय थोडी थोडी खाली आणत, बोल्ट रायफलसाठी खांदा ०.००१ ते ०.००२ इंच आणि सेमी-ऑटोमॅटिकसाठी साधारण ०.००३ ते ०.००४ इंच मागे जाईल असे पाहावे. येथे एक गोष्ट नवशिक्याला हमखास गोंधळात टाकते. डाय पुरेशी खाली नसताना पुंगळीचे अंग आवळले जाते, पण खांद्याला आधार मिळत नाही. त्यामुळे तो मागे जाण्याऐवजी पुढे सरकतो. रिसायझिंगनंतर बोल्ट पूर्वीपेक्षा जड बंद होत असेल, तर डाय बिघडलेली नाही, ती आणखी जराशी खाली हवी आहे.

सेटिंग तेच असूनही प्रत्येक पुंगळीचे माप वेगळे येत असेल, तर दोष बहुधा पितळात असतो. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले हे पितळ प्रत्येक बारागणिक आणि प्रत्येक रिसायझिंगगणिक कडक होत जाते, आणि कडक पितळ डायमधून बाहेर पडताच अधिक उसळी मारून फुलते. एकदा वापरलेल्या आणि सहा वेळा वापरलेल्या पुंगळ्या एकाच ढिगात टाकल्या, तर मापे जुळण्याची अपेक्षाच ठेवू नये. वापराच्या संख्येप्रमाणे पुंगळ्या वेगळ्या ठेवाव्यात आणि मान व खांदा यांचे ॲनीलिंग करावे, म्हणजे ते तापवून मऊ करावेत. बुडाला मात्र उष्णता पोहोचता कामा नये, कारण तेथील पितळ मऊ झाले की ते दाब सोसू शकत नाही. प्रेसचे हँडल पूर्ण खाली असताना दोन-तीन सेकंद थांबल्यानेही मापांतला फरक कमी होतो.

वंगणाच्या बाबतीत चुका दोन्ही बाजूंनी होतात. वंगण कमी पडले की पुंगळी डायमध्ये अडकते, आणि तेव्हा हँडलवर जोर लावला तर बुडाची कडा फाटून पुंगळी आतच राहते. (माझी पहिली अडकली ती स्प्रे मारल्यावर त्यातले अल्कोहोल उडून जाण्याइतकाही धीर न धरल्यामुळे.) अशा वेळी डीकॅपिंग दांडी (जुना प्रायमर ढकलून काढणारी डायमधली दांडी) शक्य तितकी मागे घ्यावी, प्रायमरच्या जागेतून भोक पाडून त्यात आटे पाडावेत आणि स्क्रूने पुंगळी हळूहळू ओढून काढावी, यासाठी तयार संच मिळतात. उलट वंगण जास्त झाले की ते खांद्यापाशी साठते आणि तेथे पोचे पडतात. बारीक पोचे पुढच्या बाराला निघून जातात. पण ते दिसू लागले की डायचे श्वासछिद्र (हवा बाहेर जाण्याचे छिद्र) साफ करावे. पुंगळ्या डायमध्ये घालण्यापूर्वी स्वच्छ असाव्यात, कारण वाळूचा एक कण डायवर कायमचा ओरखडा पाडतो. काम झाल्यावर वंगण पुसून काढणेही तितकेच आवश्यक आहे : तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतींना धरून राहत नाही आणि बोल्टवरचा भार वाढतो.

हँडल वर घेताना किंचाळल्यासारखा आवाज आला, तर मानेच्या आतली बाजू कोरडी आहे असे समजावे. एक्सपांडर बॉल (मान आतून योग्य मापाची करणारा, दांडीवरचा गोळा) तेथून ओढला जाताना मान वाकडी होऊ शकते आणि नुकताच नेमका बसवलेला खांदाही पुढे खेचला जातो. मानेच्या आत वंगणाचा हलका हात फिरवणे पुरेसे असते.

डीकॅपिंग पिन वारंवार मोडत असेल, तर पुंगळीत डोकावून पाहावे. मध्ये एका छिद्राऐवजी बाजूला दोन बारीक छिद्रे दिसली, तर ती बर्डन पद्धतीची आहे आणि नेहमीच्या डायसाठी नाही.

लांबी रिसायझिंगच्या आधी मोजणे निरर्थक आहे, कारण आवळलेले पितळ मानेकडे सरकून पुंगळी लांबवते. .३०८ विंचेस्टरसाठी कमाल लांबी २.०१५ इंच आहे आणि छाटणी सहसा २.००५ इंचांवर करतात. मर्यादेपलीकडे गेलेल्या मानेचे तोंड चेंबरच्या टोकाला अडून गोळीवर आवळले जाते आणि दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो.

शेवटी तपासणी. बुडाच्या वर डायने उमटवलेली चमक नेहमीचीच असते. ती पाहून पुंगळी फेकू नये. पण तेथे बारीक, उजळ वर्तुळ दिसले, तर टोक काटकोनात वाकवलेली बारीक तार आतून भिंतीवर बुडाकडून वर फिरवावी. तार खाचेत अडकली, तर ती पुंगळी बाद करावी आणि तितक्याच वेळा वापरलेल्या तिच्या गटातली प्रत्येक पुंगळी तशीच तपासावी. बाद केलेल्या पुंगळीचे तोंड तेथल्या तेथे पक्कडीने चेपून टाकावे, म्हणजे ती चुकूनही पुन्हा ढिगात जाणार नाही.