नोव्हेंबरात ठाणे खाडीचे पक्षी बघायचे तर आधी भरती बघा

गजर लावण्याआधी तिथी बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर लांबवर पांगतात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. ऐन भरतीला चिखलच बुडतो, मग ते तळ्यांकडे जातात. पाणी चढताना किंवा उतरताना मधले दोन-अडीच तास कामाचे.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात, त्रयोदशीला पावणेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, म्हणून मुंबईच्या अपोलो बंदरचं भरतीचं वेळापत्रक ताडून घ्या. खाडीत आत पाणी जरा उशिराच पोहोचतं.

त्रयोदशीच्या आसपास सात वाजता काठावर उभे राहा. पाणी चढेल तसे पक्षी किनाऱ्याकडे रेटले जातात. दशमी-एकादशीला मात्र खाडीचा नाद सोडून थेट नेरुळ-सीवूड्सकडची तळी गाठा, भरतीत खाडीतले थवे तिथेच विसाव्याला येतात. पौर्णिमा-अमावास्येला पहाटे ओहोटी असते. फार लवकर उठण्यात अर्थ नाही, आठच्या सुमारास निघा.

आता ऊन. मुंबईच्या काठावरची शिवडीची जेट्टी पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. शिवडी दुपारनंतरच बरी. सकाळी पलीकडच्या काठावरून, ऐरोलीच्या बाजूने बघा, सूर्य पाठीशी राहतो. तिथल्या जैवविविधता केंद्राची बोट भरतीच्या वेळेनुसार सुटते, आधी नोंदणी करा. दहानंतर चिखलावरची हवा थरथरू लागते, मग महागडी स्कोपही (तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण) निरुपयोगी.

दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. ती आधी डोळ्यांना जुळवून घ्या: उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने एखादी पाटी स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. हे न केल्यास तासाभरात डोकं दुखतं, आणि दोष मात्र दुर्बिणीला दिला जातो.

ओळखताना केवळ पायांच्या रंगावर विसंबू नका. रेडशँक या चिखलात चरणाऱ्या पक्ष्याचा लाल पाय चिखलाने लडबडला की राखाडी दिसतो. तो उडाला की पंखांच्या मागच्या कडेची रुंद पांढरी पट्टी बघा. काळ्या शेपटीच्या गॉडविट या लांब चोचीच्या पक्ष्याचा पांढरा पट्टा पंखाच्या लांबीभर असतो आणि शेपटीचं टोक काळं. रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) दोन जातींमध्ये चोच बघा: मोठ्या रोहिताची गुलाबी, टोकाला काळी, छोट्या रोहिताची गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. नोव्हेंबरात रोहित मोजकेच असू शकतात, पाऊस लांबला तर आणखी उशीर. तोवर लांब पायांचे शेकाटे, थापट्या आणि तलवार ही बदकं आणि कुरव (गल) आहेतच.

थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते पाहा आणि तेवढे तुकडे थव्यावर सरकवा. कडेला पक्षी विरळ असतात. तिथे तोच तुकडा वापरला की आकडा फुगतो.

चिखलात उतरू नका, गुडघाभर रुतायला दोन पावलं पुरतात. कांदळवनात डास असतात, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट घाला. चरणारे पक्षी माना वर करून थबकले की तिथेच थांबा. त्यापुढचं पाऊल थवा उडवतं, आणि भरतीत त्यांना बसायला दुसरी जागा फारशी नसते.