पीडीएफची इमेज करताना या चुका टाळा

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं डीटीपीचं काम चालतं. गणपती जवळ आले की मंडळांची पोरं मोबाइल पुढे करतात, "काका, एवढं जरा शार्प करून द्या ना!"

शार्प कुठून करणार? पीडीएफमध्ये टाइप केलेली अक्षरं रेषांची असतात, कितीही मोठी करा, फाटत नाहीत. इमेज काढताना त्यांचे पिक्सेल, म्हणजे बारीक ठिपके होतात, आणि किती व्हायचे ते तिथेच ठरतं. ए-फोर पान ७२ डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ७२ ठिपके) काढलं तर ५९५ बाय ८४२ पिक्सेल, ३०० वर २४८० बाय ३५०८. मागाहून ७२ खोडून ३०० लिहिलं तर फक्त आकडा बदलतो.

एक कार्यकर्ता कार्यक्रमपत्रिकेचा स्क्रीनशॉट घेऊन आला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर चारचौघांत फिरलेला. हवी होती ए-थ्री प्रिंट, लगेच. "तुम्ही मोठं करा, सॉफ्टवेअर बघून घेईल." केलं. 'भजनसंध्या'तला अनुस्वार शिरोरेषेला चिकटला, रफार गायब, देणग्यांच्या यादीत १ कुठला नि ९ कुठला कळेना. एवढं झाल्यावर साहेबांना आठवलं, मूळ पीडीएफ मेलमध्ये आहे! ती ३०० वर काढली, चहा येईपर्यंत काम झालं. आधी मागितली होती तेव्हा "तेच आहे हो सगळं" म्हणत होता. घाई असलेल्या माणसाला दोन मिनिटं थांबवणं फार अवघड.

दुसरा माझा राग जेपीईजीवर. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबतं. फोटोत खपून जातं, पण काळ्या अक्षराभोवती मुंग्या लागल्यासारखे ठिपके उठतात. मजकुराचं पान मी पीएनजीतच काढतो, त्यात असं दाबून बिघडत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो, फोटो म्हणून पाठवलं की ते परत दाबलं जातं.

पीडीएफमध्ये नुसतं स्कॅन असेल तर डीपीआय वाढवून फाइल फुगते, अक्षर सुधारत नाही. पुन्हा स्कॅन करा. इमेजमॅजिक (कमांड लिहून इमेज काढायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर डेन्सिटी, म्हणजे डीपीआयचा आकडा, फाइलच्या नावाआधी लिहा, नंतर लिहून उपयोग नाही. पार्श्वभूमी काळी आली? जेपीईजीला पारदर्शकता कळत नाही, आधी पांढरा रंग भरा. मराठी मजकुराचा कचरा झाला तर फॉन्ट एम्बेड केलेला, म्हणजे पीडीएफच्या आतच घातलेला नसेल. ज्यानं पीडीएफ बनवली त्याच्याकडे परत पाठवा, तुम्ही डोकं लावू नका.

आणि सरसकट ६०० डीपीआय नको. ३०० च्या चौपट पिक्सेल होतात आणि जुना कॉम्प्युटर बसतो. अगदी बारीक टाइप असेल तरच मी तिकडे जातो.