माउंटन बाइकसाठी जलद पळणारा टायर घेताय? आधी या चुका टाळा

पुण्याजवळच्या खानापूरहून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरायचं, नसरापूरमार्गे परत यायचं, मध्येच धरणाकाठच्या किंवा शेतातल्या कच्च्या रस्त्यात घुसायचं. अशा शंभरेक किलोमीटरच्या राइडमध्ये बहुतेक वेळ डांबरावर जातो, पण माणूस पडतो मुरमावर. टायर निवडताना या दोन्ही गोष्टी डोक्यात हव्यात. मागचा टायर सर्वांत लांब पट्ट्यासाठी घ्यायचा आणि पुढचा सर्वांत वाईट पट्ट्यासाठी.

नुसती नक्षी बघून टायर घेणे

मधले नॉब (रबराचे उंचवटे) बुटके आणि जवळजवळ असले की टायर पळतो, हे खरं. पण ते अर्धंच. बाकीचं काम रबराचं मिश्रण आणि आतलं कापड करतं. कॉन्टिनेंटल रेस किंगची नक्षी सगळीकडे तीच दिसते, पण त्याच्या प्रोटेक्शन प्रकारात ब्लॅकचिली रबर असतं आणि स्वस्तातल्या शील्डवॉल प्रकारात प्युअरग्रिप. नाव एक, टायर दोन. म्हणून ऑनलाइन घेताना पूर्ण नाव वाचा. टीपीआयचा (आतल्या कापडात दर इंचाला किती धागे) आकडाही जपून वाचा: काही कंपन्या ६० च्या तीन थरांची बेरीज करून १८० छापतात. एका थरातलं १२० टीपीआयचं कापड मऊ आणि हलकं असतं, पण धारदार खडीवर त्याची साइडवॉल (टायरची बाजू) लवकर चिरते. घाटाच्या कडेला फोडलेल्या काळ्या दगडाची खडी पडलेली असतेच, त्यामुळे संरक्षक थर असलेलाच टायर घ्या. शंभरेक ग्रॅम वजन वाढलं तरी चालेल.

पुढे-मागे एकच टायर

कडक जमिनीवर पसरलेला सुटा मुरूम उतारावरच्या वळणात पुढचं चाक सरळ बाहेर ढकलतो. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की कोपर सोलतं. मागे श्वाल्बे थंडर बर्ट किंवा व्हिटोरिया मेझकाल लावला असेल, तर पुढे रेसिंग राल्फ किंवा बार्झोसारखा, कडेचे नॉब उठावदार असलेला टायर हवा. मागचा झिजला की पुढचा मागे टाका आणि नवा पुढे लावा. जुना पुढे ठेवून पैसे वाचवू नका.

साइडवॉलवरचा कमाल आकडा गाठेपर्यंत हवा भरणे

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. घट्ट टायर गुळगुळीत काँक्रीटवर बरा वाटतो, पण खडबडीत रस्त्यावर तो प्रत्येक दगडावर उडतो. पुढे जायची ताकद सायकल आणि शरीर हादरण्यात खर्च होते आणि पाचव्या तासाला मनगटं बोलायला लागतात. ७५ किलोचा रायडर, २९×२.२५ (२९ इंची चाक, २.२५ इंच रुंदी) टायर, ट्यूबलेस असेल तर पुढे २०–२२ आणि मागे २३–२५ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर २८–३२. शेजारी शेजारी दोन भोकांचं पंक्चर झालं, तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली आहे: २–३ पीएसआय वाढवा. वळणात टायर लोळतोय असं वाटलं तरी तेच. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर एवढा बारीक फरक कळत नाही, छोटा डिजिटल गेज घ्या.

सीलंट एकदा टाकून विसरणे

सराटे आणि बाभळीचे काटे यांच्यामुळे इकडे ट्यूबलेसला पर्याय नाही. २९×२.२५ साठी ९०–१०० मिली सीलंट (आतून भोकं बुजवणारं द्रव) टाका. एप्रिल-मेच्या उन्हात ते दोनेक महिन्यांत सुकू शकतं. व्हॉल्व्ह वर घेऊन हवा सोडा, व्हॉल्व्हचा कोअर (आतला फिरवून निघणारा भाग) काढा, मग चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणा, थोडा वेळ थांबा आणि केबल टाय आत घालून बघा. कोरडा निघाला तर ६० मिली भरा.

रात्रीत हवा उतरत असेल तर साबणाचं पाणी लावा. साइडवॉलवर बारीक बुडबुडे आले तर चाक बादलीवर आडवं ठेवा, दहा मिनिटांनी उलटा. स्पोकच्या मुळाशी बुडबुडे आले तर सीलंट ओतत बसू नका: रिमच्या आत लावलेली टेप गळतेय. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २–३ मिमी रुंद टेप नव्याने लावा.

फ्रेममधली जागा न मोजणे

२.२५ लिहिलेला टायर रुंद रिमवर आणखी फुगतो. बसवून, हवा भरून, एक दिवसाने मोजा. दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळी जागा हवी. पावसाळ्यात यवत-दौंडकडच्या काळ्या मातीत तेवढीही पुरत नाही. बुटक्या नॉबमध्ये माती भरते, चेनस्टेपाशी (मागच्या चाकालगतची फ्रेमची नळी) चाक अडतं आणि सायकल खांद्यावर येते. त्या चार महिन्यांत तिकडचे शेतरस्ते टाळा, डांबरावरूनच जा.

साइडवॉल चिरली तर सीलंट किंवा प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) सहसा पुरत नाही. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा चार बाय सहा सेंटिमीटरचा तुकडा, कोपरे गोल कापून, सीट बॅगेत ठेवा. चीर आतून पुसून तो लावा, ट्यूब घाला आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमीच भरा. जास्त भरली की चिरेतून ट्यूब फुगा होऊन बाहेर येते.