सर्च इंजिनविरुद्ध अर्ज करायचाय? आधी स्क्रीनशॉट

बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे सर्च इंजिनविरुद्ध अर्ज करायचा तर पॅन, जीएसटी, ताळेबंद हे सांगायला नको. वकीलही मिळतो. आधी स्क्रीनशॉट काढायला घ्या, आजपासून. साताऱ्यात बसून कास, बामणोली, तापोळ्याच्या होमस्टेंची बुकिंग साइट चालवत असाल, तर फुलांचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. तेव्हा ‘कास होमस्टे’ टाकल्यावर जे पान येतं ते डिसेंबरात कुणी काढून देत नाही. मागच्या खेपेला आमच्या अर्जासोबत एवढंच होतं: ‘पूर्वी आम्ही वर दिसायचो.’ वकिलांनी वाचून कागद परत सरकवला.

दर आठवड्याला तेच शब्द, तोच मोबाइल. खात्यातून बाहेर पडून, खासगी विंडोत. सातारकर गिऱ्हाईक नाही, पुण्या-मुंबईचं आहे, म्हणून तिकडच्या एखाद्या पाहुण्यालाही काढायला लावा. वर जाहिराती, मग नकाशा आणि त्यात तीन नावं, मग सर्चवाल्यांचा स्वतःचा तारखा-दरांचा हॉटेल चौकोन, आणि अंगठा दुखेपर्यंत सरकवल्यावर आपण. हे सगळं अखंड हवं, पत्त्याच्या पट्टीपासून आपल्या नावापर्यंत. कापू नका, लाल गोल काढू नका, आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. चित्र दाबलं जातं, मूळ माहिती उडते. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा अंगठ्याच्या ठशासारखा कोड, लिहावी लागते. फाइलला हात लावला की हॅश बदलली. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर, तारखेच्या नावाने.

आता अर्जात काय लिहायचं. मोठं असणं हा गुन्हा नाही. स्पर्धा कायदा 2002 चं कलम 4 त्या मोठेपणाच्या गैरवापराबद्दल आहे. ‘आमचा नंबर घसरला’ ही रड झाली. ‘स्वतःची सेवा वर ठेवून आमची वाट अडवली’ ही तक्रार, आणि ती दाखवायला परत स्क्रीनशॉटच. स्पर्धा आयोगाचा 8 फेब्रुवारी 2018 चा गूगलविरुद्धचा आदेश वाचा. भारत मॅट्रिमनी ही लग्न जुळवणारी साइट आणि कट्स ही ग्राहक संस्था यांच्या तक्रारींवर 135.86 कोटींचा दंड झाला. विमान तिकिटांचा स्वतःचा चौकोन आणि दुसऱ्याचं सर्च वापरू न देणारे करार यावर आयोगाने बोट ठेवलं. जाहिरातींच्या लिलावाबद्दलचा आरोप मात्र टिकला नाही. त्यामुळे जाहिरात महाग झाली म्हणून पानंच्या पानं भरू नका. शिवाय 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याच मुद्द्यावर आधी निकाल झाला असेल तर आयोग प्रकरण तिथेच बंद करू शकतो. तुमच्या हंगामातलं तुमचं वेगळं काय, हे दाखवायला तारीखवार पानं हवीत. किती वेळा सांगू?

अर्ज करायची मुदत तीन वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च 2024 मध्ये आला, पण कायदा झाल्यावर बघू म्हणून बसू नका.

बाकी थोडक्यात. शुल्क कुणाच्या नावाने अर्ज करता त्यावर. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर चौकशी आयोगाच्या तपास शाखेच्या महासंचालकांकडे जाते, तिला वेळ लागतो. आयोग दंड लावतो, भरपाई देत नाही. त्यासाठी अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज. होमस्टेवाल्यांचे दर गुप्त ठेवायचे असतील तर तशी विनंती अर्जासोबतच जोडा.