कृषिदूतांनो, आधी हौदातलं पाणी बघा

रावेसाठी, म्हणजे कृषी पदवीतल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात गेलात आणि भाजीचा विषय काढलात की शेतकरी पहिला प्रश्न औषधाचा विचारतात. तुम्हीही त्याचीच तयारी करून गेलेले असता. डब्यावरचा, विष किती तीव्र ते दाखवणारा रंगीत त्रिकोण, फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं, हे सांगायलाच हवं. पण भाजीतून जंतूही पोटात जातात आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. २००६ साली अमेरिकेत पालकातून ई. कोलाय पसरला, दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली, काही दगावली. हा जंतू गुरांच्या आतड्यात राहतो आणि गुरं मात्र ठणठणीत दिसतात.

कॉलेजच्या भाजीपाला प्लॉटवर आणि एक-दोन एकरवाल्यांकडे शिकवताना मी धुण्याच्या पाण्यापासून सुरुवात करते. सभा भरवू नका, तोडणी चालू असताना जा. मुळांसकट कोथिंबिरीच्या एका जुडीला गुलाल चोळा, ती हौदात बुडवा, मागोमाग चार स्वच्छ जुड्या बुडवा. शेवटची जुडी पांढऱ्या फडक्यावर झटकली की गुलाबी शिंतोडे उडतात. बायका लगेच म्हणतात, "म्हणजे एकीची घाण सगळ्यांना!" मग तुम्हाला वेगळं काही समजवावं लागत नाही. (त्या जुड्या विकायला पाठवू नका आणि हौद उपसून टाका.)

त्यानंतर उपायाचं बोला. पहिल्या पाण्यात माती काढायची, दुसरं पाणी पिण्याच्या लायकीचं, आणि गढूळ दिसलं की बदलायचं. ब्लीचिंग पावडर टाकली की काम झालं असं अनेकांना वाटतं, पण पाण्यात माती-पाला असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. बाजाराच्या वाटेवर भाजी टवटवीत राहावी म्हणून ओढ्याचं पाणी शिंपडतात, तेही विचारून घ्या. सकाळभर केलेली मेहनत तिथे वाया जाते.

शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या जीवामृताचा विषय जपून काढा, त्यावर लोकांचा जीव असतो. ते वापरू नका असं मी कधीच म्हणत नाही. त्यात ताजं शेण असतं, म्हणून कच्च्या खायच्या पानांवर फवारू नका, मुळाशी जमिनीत द्या, एवढंच सांगते. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण घातल्यावर, जमिनीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात. महिन्या-दीड महिन्यात निघणाऱ्या मेथी-कोथिंबिरीला ते जमणारच नाही, हे शेतकऱ्याला लगेच कळतं.

हात धुण्याचं मजूर बायकांना शिकवण्याआधी मालकाशी बोला. बांधावर नळाची टाकी, साबण आणि जवळपास संडास नसेल तर तुमचा तक्ता कितीही सुंदर असो, त्यांनी करायचं काय? जुलाब होत असलेल्या बाईने तोडणीला हात लावू नये, हे खरंच. पण हजेरी बुडणार असेल तर ती सांगेल कशाला? त्या दिवशी तिला खुरपणी द्या, मजुरी तेवढीच द्या, हे मालकाकडून सगळ्यांसमोर कबूल करून घ्या. मला तरी पूर्ण प्रशिक्षणातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम वाटतं.

कॉलेजच्या प्लॉटची अडचण वेगळी. तिथे तुकडी बदलते आणि बसलेली घडी मोडते. म्हणून जाणाऱ्या मुलांनी नव्या मुलांसोबत निदान एक तोडणी पूर्ण करावी, क्रेट धुण्यापासून वहीत तारीख, वाफा आणि गिऱ्हाईक लिहिण्यापर्यंत. तक्रार आली तर माल कुठल्या वाफ्यातला होता, हे त्या वहीतूनच सापडतं.