रिस्क-फाइव्ह बोर्डावर डेस्कटॉप कसा उभा करावा

आधी एक गैरसमज दूर करू: रिस्क-फाइव्ह म्हणजे सगळंच खुलं, असं नाही. रिस्क-फाइव्हमध्ये खुला आहे तो इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० साली त्याचं काम सुरू झालं. तो वापरायला रॉयल्टी लागत नाही, म्हणून तर आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर त्यावर उभे राहिले. पण त्यावर बनलेली चिप खुली असेलच असं नाही. शिवाय विंडोज यावर चालत नाही. ऑफिसच्या कामासाठी हा पीसी घेऊ नका. लिनक्समध्ये हात घालायची हौस असेल तरच पुढे वाचा.

बोर्ड निवडा. सुरुवातीला स्टारफाइव्हचा व्हिजनफाइव्ह २ बरा. त्यात १.५ गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. रॅम ८ जीबीचीच घ्या, २ जीबीत ब्राउझर रडवतो. सोबत ३२ जीबीचं चांगलं मायक्रोएसडी कार्ड, ५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा टाइप-सी चार्जर आणि एचडीएमआय केबल लागेल. नेहमीच्या कॅबिनेटमध्येच बसवायचं असेल तर मिल्क-व्ही ज्युपिटर पाहा, तो मिनी-आयटीएक्स या छोट्या पीसी मदरबोर्डाच्या आकाराचा आहे.

कार्ड तयार करा. स्टारफाइव्हची डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) इमेज, म्हणजे तयार सिस्टिमची फाइल, उतरवून बलेनाएचर या प्रोग्रामने कार्डावर लिहा. बोर्डावरचे बूटचे दोन्ही छोटे स्विच शून्यावर ठेवा. म्हणजे सुरुवात बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीमधून होते आणि पुढे कार्डावरची सिस्टिम चालते. थेट कार्डावरून बूट करताना बोर्ड कधीकधी अडतो, असं कंपनीच सांगते.

स्क्रीन काळीच राहिली तर? बोर्ड खराब आहे असं लगेच ठरवू नका. ३.३ व्होल्टचं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल घ्या, त्याने बोर्डाचे संदेश दुसऱ्या संगणकावर वाचता येतात. मॉड्यूलचा ग्राउंड बोर्डाच्या ६ नंबरच्या पिनला, आरएक्स (ऐकणारी वायर) ८ ला आणि टीएक्स (बोलणारी) १० ला जोडा. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात गेलं पाहिजे, म्हणून वायरी उलटसुलट. मॉड्यूलची ५ व्होल्टची लाल वायर मोकळीच राहू द्या. त्या संगणकावर पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ११५२०० ठेवून बोर्ड चालू करा. आधी यू-बूट या सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या पहिल्या टप्प्याच्या ओळी, मग अक्षरांनी काढलेलं मोठं 'ओपनएसबीआय' (फर्मवेअरचा एक भाग), मग पुन्हा यू-बूट आणि शेवटी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. गाडी कुठे थांबली ते इथे लगेच दिसतं. यू-बूटपाशीच अडली आणि बोर्ड जुना असेल, तर बहुतेक फ्लॅशमधलं फर्मवेअर अपडेट करावं लागेल.

लॉगिन झाल्यावर पासवर्ड बदला. मात्र सगळी पॅकेजेस एका दमात अपग्रेड करू नका. ग्राफिक्ससाठी कंपनीने स्वतः जुळवलेली पॅकेजेस त्यात पुसली जातात आणि डेस्कटॉप रखडत चालतो. खुलेपणाची हद्द इथे कळते: जीपीयू (ग्राफिक्सचा भाग) इमॅजिनेशन कंपनीचा, ड्रायव्हरही त्यांचाच.

वेग हवा असेल तर बोर्डाच्या खालच्या एम.२ स्लॉटमध्ये एनव्हीएमई एसएसडी लावा. साटा प्रकारची चालणार नाही. महागडी घेऊ नका, स्लॉटला पीसीआयई २.० ची एकच लेन आहे, जास्त वेग तिला झेपत नाही. कार्डापेक्षा तरी ती कितीतरी वेगवान पडते.

उबुंटू हवं असेल तर २४.०४ वर थांबा. २५.१० पासून ते आरव्हीए२३ हा आज्ञांचा नवा ठरलेला संच मागतं. त्यात व्हेक्टर आज्ञा (एका दमात अनेक आकड्यांवर चालणाऱ्या) लागतातच आणि व्हिजनफाइव्ह २ च्या चिपमध्ये त्याच नाहीत. डेबियन १३ मध्ये मात्र रिस्क-फाइव्हला अधिकृत जागा मिळाली आहे.